भुलोजी चक्कीवर

भुलाबाईपासून भुलोजीला वेगळं करायला मला अकरा मिनिटं लागली. बाबांच्या करवतीची जुनी पात होती, तिचे अर्धे दात पडलेले, म्हणून. नवी पात असती तर चार मिनिटांचं काम होतं.

दोघं एकाच पाटावर मांडीला मांडी लावून बसलेले होते. आमच्या मूर्तिजापूरचा कुंभार जोडीच बनवायचा, सुटे देव विकत नसे. मी पाट अंगणात ओट्यावर ठेवला, दोन्ही बाजूंनी विटा लावल्या आणि दोघांच्या मधोमध पात घातली. तेवढ्यात शेजारची इंदी गावंडे कुंपणातून आत आली.

"मंजे! काय करून राहिली व तू?"

"दिसत नाही? कापून राहिले."

"देवाले?"

"देवाला नाही. देवांच्या मधल्या मातीला."

"पाप लागते."

"रक्त आलं का बघ."

इंदीनं वाकून नीट पाहिलं. ती माझ्याहून एक वर्षानं मोठी होती, पण पुरावा मागितला की तिचं वय कमी व्हायचं.

"नाही आलं," ती म्हणाली.

"मग पाट धर."

शेवटचा तुकडा कट्‌कन तुटला. तेव्हा लक्षात आलं की भुलाबाईनं मागच्या बाजूनं भुलोजीच्या खांद्यावर हात टाकलेला होता. तो मी पाहिलाच नव्हता. तिचा हात मनगटाशी संपला आणि चार बोटं भुलोजीच्या खांद्यावर राहिली.

"बोटं राहिली की व त्याच्याकडं," इंदी म्हणाली.

"राहू दे. ओळखायला बरी."

गोष्ट एक्याऐंशी सालची आहे. मी दहा वर्षांची होते. आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई बसवतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. महिनाभर दोघं पाहुणे. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली एकेकीच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की त्या घरची मुलगी झाकलेला डबा आणते. त्यात खिरापत असते. आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. सगळ्या जणी 'हरलो' म्हणेपर्यंत डबा उघडायचा नाही, हा नियम.

मी हरत नसे. बाकीच्या मुली "गोड की तिखट?" असं विचारत बसायच्या. मी डबा मागून घ्यायची आणि कानाशी हलवायची. शेंगदाणे जाड वाजतात, फुटाणे कोरडे वाजतात, लाडू लोळतो, शिरा वाजतच नाही पण डबा एका बाजूला जड लागतो. दोन वर्षांत माझा एकही डबा चुकला नव्हता. मुली मला खेळात घ्यायला कंटाळल्या होत्या.

त्या वर्षी भुलाबाई बसायच्या बारा दिवस आधी बाबा घर सोडून गेले होते. फार लांब नाही, तीन गल्ल्या पलीकडे, खत्रींच्या पिठाच्या चक्कीवर एक खोली होती तिथे. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात मावले नाहीत ते रेडिओ आमच्या घरी असत, आणि बरे झालेत की नाही हे पाहायला ते चार-चार रेडिओ एकदम लावत. आई टेलिफोन ऑफिसात होती. दिवसभर कानाला हेडफोनचा पट्टा लावून लोकांना लोकांशी जोडून द्यायची आणि घरी आल्यावर तिला कोणाचाच आवाज नको असायचा. एवढ्यानं कोणी घर सोडत नाही, हे मला आता कळतं. खरं काय बिनसलं होतं ते मला आजही पूर्ण माहीत नाही. दोघंही सभ्य माणसं होती, ही मोठी पंचाईत. भांडी फेकली असती तर निदान मोजता आली असती.

मला फक्त एक गोष्ट माहीत होती. जाताना बाबांनी घराची किल्ली सोबत नेली होती. त्या किल्लीला त्यांनी पितळेचा एक मोठा नट तारेत ओवून लावला होता. रोज संध्याकाळी ते दारातच बसवलेल्या कुलपात किल्ली घालायचे, नट दाराच्या लाकडावर तीनदा वाजायचा, आणि आई स्वयंपाकघरात न बघता चहाचं आधण ठेवायची. ज्याला परत यायचं नाही तो किल्ली कशाला नेईल? हा माझा सिद्धांत होता, आणि माझ्याकडे दुसरा नव्हता.

म्हणून भुलोजीला मी रेशनच्या पिशवीत घातलं आणि चक्कीवर निघाले. आईनं पाहिलं. "काय नेतेस?" तिनं विचारलं.

"भुलोजी. बाबांकडे ठेवते. तो पण रुसलाय."

आई थोडा वेळ पिशवीकडे पाहत राहिली. "पायरी सांभाळ," एवढंच म्हणाली.

चक्कीवरच्या खोलीत सगळ्यावर पीठ बसलेलं होतं. रेडिओवर, गादीवर, बाबांच्या मिशांवर. खालून चक्कीच्या पट्ट्याचा आवाज यायचा आणि जमीन थरथरायची. बाबांनी भुलोजीला खिडकीत ठेवलं. पंधरा मिनिटांत तोही पांढरा झाला. शंकराला भस्म लागतंच. त्याची तिथे सोय चांगली होती.

बाबांनी खांद्यावरच्या बोटांवर फुंकर मारली. "हे कोणाचं?"

"भुलाबाईचं. कापताना राहिलं."

त्यांनी भुलोजीला खिडकीत नीट सरळ केलं. मग म्हणाले, "याला रोज काय लागतं?"

"गाणी आणि खिरापत."

"मला फक्त खिचडी येते."

"चालेल. पण डब्यात वाजत नाही ती."

किल्ली खिळ्याला टांगलेली होती. मी पाहून घेतली आणि खाली उतरले.

आता पुढचं. भुलाबाईच्या गाण्यांत एक रुसव्याचं गाणं असतं, ते वऱ्हाडातल्या प्रत्येक मुलीला पाठ. सून रुसून माहेरी जाते. तिला न्यायला आधी सासरा येतो, ती नाही म्हणते. मग सासू येते, ती नाही म्हणते. मग दीर, मग नणंद. प्रत्येक जण काहीतरी दागिना आणतो, प्रत्येकाला ती परत पाठवते. शेवटी नवरा येतो आणि ती मुकाट्यानं निघते. लोक हे गाणं म्हणून म्हणायचे. मला ती कृती वाटली. क्रम पाळला की फळ मिळणारच. आमच्याकडे सून रुसली नव्हती, जावई रुसला होता, म्हणून माणसं उलटी घ्यायची: आधी बाबांचे सासरे, मग सासू, मग मेव्हणी. आणि शेवटी आई. कोजागिरीच्या आत.

सासरे म्हणजे माझे नाना, आईचे वडील. ते दर्यापूरला असत. त्यांना मी पोस्टकार्ड टाकलं की इकडे तुमची गरज आहे, रविवारी या, येताना पेढे आणा. नाना घाबरून शनिवारीच आले. त्यांना मी चक्कीवर धाडलं. दीड तासानं ते परत आले, टोपीवर पीठ घेऊन.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

नाना खुर्चीत बसले. "नाही म्हणतो, बेटा. मी खूप समजावलं."

"शाब्बास!" मी म्हटलं.

नानांनी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला फार बरं वाटत होतं. पहिली पायरी बरोबर जमली होती. सासऱ्याचं ऐकून बाबा लगेच निघाले असते तर सगळा क्रमच बिघडला असता.

"माझा ट्रान्झिस्टर मात्र दुरुस्त करून दिला त्यानं," नाना म्हणाले. "पैसे घेईना."

सासू मिळायला अडचण होती. आजी वारली होती. मी गावंडे काकूंकडे गेले. इंदीची आई. त्या वाल सोलत होत्या.

"काकू, तुम्ही सासू व्हाल का?"

"कोनाची व माय?"

"बाबांची."

काकूंच्या हातातली शेंग खाली पडली. त्या बाबांहून चार वर्षांनी लहान होत्या. पण माणूस उत्साही. दुसऱ्या दिवशी त्या भाकरी-ठेचा घेऊन गेल्या, आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन डोळे पुसत बसल्या.

"लय चांगला मानूस हाय हो, प्रमिलाताई," त्या आईला म्हणाल्या. "पन येत नाही म्हनते. मी पाय धराचेच बाकी ठेवले."

"नक्की नाही म्हणाले ना?" मी विचारलं.

"नक्की, पोरी."

मी आत जाऊन एक उडी मारली. काकूंची बंद पडलेली बॅटरी त्यांच्या मांडीवर होती. तीही दुरुस्त होऊन आली होती.

मेव्हणी म्हणून इंदी जायला तयार झाली, पण तिनं भाव केला. तीन दिवस प्रत्येक घरचा डबा मी तिच्या कानात सांगायचा आणि ओळखायचा मान तिनं घ्यायचा. मला ते फार जड गेलं. पण विज्ञानासाठी लोक याहून मोठी किंमत देतात, असं शाळेच्या पुस्तकात होतं. इंदी तिच्या घरचं गजराचं घड्याळ घेऊन गेली आणि वाजणारं घड्याळ घेऊन आली.

"काय म्हणाले?"

"म्हने, चहा घेते का. मी घेतला."

"आणि घरी चला म्हटलंस का?"

"म्हटलं. ते म्हने, तुले मंजूनं पाठवलं का. मी म्हटलं हो. मग ते हसले. मग नाही म्हने." इंदी थांबली. "हसून झाल्यावर लय वेळ खिडकीतल्या भुलोजीकडं पाहून राहिले होते. मले तर वाटलं त्याले पन दुरुस्त करते."

मधल्या काळात मी एक गाणं रचलं होतं. चूक माझी होती की ते मी मोठ्यानं म्हटलं.

*भुलोजी गेले चक्कीवर, पीठ बसलं मिशीवर,*
*भुलाबाईचा एकच हट्ट, दार लावा घट्ट घट्ट!*

चाल सोपी होती. दोन दिवसांत ते सगळ्या गल्लीत झालं. आमच्या घरची पाळी आली त्या संध्याकाळी अकरा मुली अर्ध्या हाताच्या भुलाबाईभोवती बसल्या, आणि चौथ्या गाण्यानंतर कोणीतरी ते सुरू केलं. सगळ्या जणी टाळ्यांवर म्हणाल्या. आई खिरापतीचा डबा घेऊन दारात उभी होती. मी आवाज न करता फक्त ओठ हलवत होते.

गाणं संपलं.

"यमक चांगलं आहे," आई म्हणाली आणि डबा खाली ठेवला. "ओळखा."

त्या रात्री भांडी आवरताना तिनं विचारलं, "हट्ट माझा, असं वाटतं का तुला?"

"यमकासाठी लागला."

"बरं," ती म्हणाली. पातेलं आधीच स्वच्छ होतं. तरी ती ते घासत राहिली.

कोजागिरीचा दिवस आला. सगळा क्रम झाला होता, फक्त आई उरली होती. आणि आईला सांगून ती जाणार नव्हती, हे मला माहीत होतं. नाना तिलाही सांगून दमले होते. पण माझ्याकडे एक अडचण तयार होती, ती मी पहिल्या दिवशीच करवतीनं करून ठेवली होती.

"आई, आज विसर्जन. भुलोजी बाबांकडे आहे."

"मग घेऊन ये."

"मला देणार नाहीत ते. मोठ्या माणसालाच देईन म्हणाले." हे मी बनवलं होतं.

आईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. टेलिफोनवर लोक खोटं बोलतात ते तिला श्वासावरून कळायचं. ती आत गेली, साडी बदलली, केस विंचरले, आणि म्हणाली, "चल. नाहीतरी बोलायचंच होतं."

मी वाटेत दोनदा उड्या मारल्या. साडी बदलली म्हणजे काय ते मला चांगलं कळत होतं, असं मला वाटत होतं.

चक्की जोरात चालू होती. आई खोलीत गेली. "तू इथंच थांब," ती म्हणाली, आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. दार उघडंच होतं, पण पट्ट्याच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आई गादीच्या कडेवर बसलेली, बाबा रेडिओच्या खोक्यावर. ते बोलले की ती मान हलवायची, ती बोलली की ते. भांडण नव्हतं. मी कधी त्यांना इतकं नीट बोलताना पाहिलंच नव्हतं. एकदा आई हसली. बाबांनी तिला त्यांच्या फडक्यानं खुर्चीवरचं पीठ पुसून दिलं, ती तिथे बसली. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. चार रेडिओ, गादी, कंदील. हातगाडी लागेल. इंदीचे बाबा देतील.

मग वीज गेली. पट्टा मंदावत मंदावत थांबला आणि एकदम इतकं शांत झालं की पीठ खाली बसताना ऐकू यावं.

त्या शांततेत बाबांचं वाक्य अर्ध्यातून माझ्यापर्यंत आलं. "...तिला तू सांगतेस की मी सांगू?"

आणि आई म्हणाली, "सांगायला नको. डब्यात घालून द्या. ओळखेल ती."

थोड्या वेळानं बाबा बाहेर आले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. आई दारात उभी राहिली. बाबांच्या हातात त्यांचा स्टीलचा डबा होता, झाकण लावलेला.

"आमची खिरापत राहिली होती या वर्षी," ते म्हणाले. "ओळख."

मी डबा घेतला. कानाशी नेला. हलवला.

एकदाच हलवला.

मग मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "साखरफुटाणे."

"नाही," बाबा म्हणाले.

"फुटाणे."

"नाही."

"शेंगदाणे. खारे."

"नाही."

"खारका."

"नाही, मंजू."

नियम पक्का होता. 'हरले' म्हणेपर्यंत डबा उघडायचा नाही. मी दोन्ही हात झाकणावर ठेवले. "शंकरपाळे. चकली. शेव. कडबोळी. चिवडा." प्रत्येकाला बाबा नाही म्हणत होते. घाई करत नव्हते. मी लाडवांचे प्रकार घेतले, मग वड्यांचे, मग दर्यापूरला आजी करायची ते पदार्थ, जे मी कधी खाल्लेही नव्हते. मग फळं सुरू केली. सीताफळ म्हटलं तेव्हा बाबांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, कारण डबा माझ्या तळहाताएवढा होता.

"नाही," ते म्हणाले. "सीताफळ नाही."

जगात खायच्या वस्तू किती कमी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. मी एकूण त्रेचाळीस सांगितल्या. काही दोनदा सांगितल्या, पण त्यांनी तक्रार केली नाही.

खाली वीज आली. पट्टा पुन्हा फिरायला लागला, पायरी थरथरायला लागली आणि माझ्या मांडीवर डबा आपोआप वाजायला लागला. पितळ स्टीलवर वाजतं तसा. आता तो सगळ्यांनाच ऐकू येत होता.

"हरले," मी म्हटलं.

मोठ्यानं म्हणावं लागलं, चक्कीमुळे.

बाबांनी झाकण काढलं. किल्ली होती, तारेत ओवलेला नट होता. तळाला थोडं पीठ. ते पुसून काढायला कोणाला वेळ झाला नव्हता.

"मी इथंच आहे," बाबा माझ्या कानाशी म्हणाले. "तीन गल्ल्या. रोज ये. पण तिकडे मी आता पाहुण्यासारखा येईन. दार वाजवून."

"गाण्यात तर जाते ती," मी म्हटलं. "शेवटी."

"कुठल्या गाण्यात?"

मी सांगितलं नाही. सगळं सांगायला तिथे फार आवाज होता.

भुलोजीला घेऊन आम्ही घरी आलो. आईनं कणीक भिजवली, कापलेल्या जागी भरली आणि दोघांना पुन्हा एकमेकांना चिकटवलं. बोटं जुळवून पाहिली; थोडी वरखाली बसली. "लांबून कळत नाही," ती म्हणाली. तळ्यावर अकरा मुलींच्या अकरा जोड्या पाण्यात सोडल्या. आमची जोडी पाण्यात जाताच सुटली. कणीक पाण्यात टिकत नाही. पुढे रसायनशास्त्र शिकताना त्याचं कारण कळलं, पण ते पाहायला शिकावं लागत नाही.

"तुमचा भुलोजी पहिले बुडला," इंदी म्हणाली.

"जड होता. पीठ बसलं होतं ना त्याच्यावर."

"आन बोटं?"

"बोटं त्याच्याकडेच."

दुसऱ्या दिवशी शाळेत निघताना आईनं किल्ली माझ्या हातात दिली. "आता ही तुझी. माझी दुपारची पाळी असेल तेव्हा दार तूच उघड." तिनं नट काढला नव्हता. मी दिवसभर ती दप्तरात वाजू नये म्हणून एका जुन्या मोज्यात घालून ठेवली.

संध्याकाळी घरी आले. आईची पाळी बदलली होती आणि ती आत होती, हे मला माहीत नव्हतं. मी कुलपाच्या भोकात किल्ली घातली, फिरवली. नट दाराच्या लाकडावर तीनदा वाजला.

आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मी ओट्यावर चपला काढल्या, दप्तर टेकवलं, पाय धुतले. आई स्वयंपाकघरातून कप घेऊन बाहेर आली, नेहमीच्या पावलांनी, आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

कपात चहा काठोकाठ होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे मुलांना चहा देत नसत.

"घेतेस?" ती म्हणाली.

"हो."

माझ्या आयुष्यातला तो पहिला चहा. साखर दोन चमचे जास्त होती. बाबांना तसाच लागायचा. मी सगळा प्यायले.